सेनबुरी दुसऱ्या वर्षी फुलते

यंदा किनमोकुसेई उशिरा फुलला. स्टेशनवरून सायकलने घरी येत होते. निशी-कसाईच्या त्या नेहमीच्या वळणावर, जिथे एका हाताला आपल्याकडच्या वाण्याचं दुकान आहे आणि दुसऱ्या हाताला कचऱ्याच्या पिशव्या झाकायची जाळी, तिथे तो वास अंगावर आला. किनमोकुसेई हे इथलं कुंपणाचं झाड. वर्षभर त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. ऑक्टोबरात आठवडाभर त्याला पारिजातकाच्या देठाच्या रंगाची बारीक फुलं येतात आणि सगळी वस्ती गोड होऊन जाते. बायका थांबतात, डोळे मिटतात, फोटो काढतात. माझ्या मात्र जिभेच्या मुळाशी कडू येतं. गेली दोन वर्षं तर ते घशापर्यंत उतरतं.

हे कडू मत्सराचं आहे. आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी शहाणी दिसायचा प्रयत्न करणार आहे आणि तुम्ही फसाल.

तशी मी पहिल्यापासूनच जळकी. शाळेत शेजारच्या बाकावरचीचं अक्षर, कॉलेजात मैत्रिणीचा नाडीवर पडणारा अचूक हात, सगळ्यावर माझा डोळा. पुण्यात आयुर्वेदाची पदवी घेतली, साताऱ्यात चार वर्षं दवाखाना चालवला, आणि माझ्या नवऱ्याला, समीरला, कंपनीने जपानला, तोयोसुच्या ऑफिसात तीन वर्षांसाठी पाठवलं म्हणून त्याच्यामागे इथे आले. त्या तीन वर्षांची आता अकरा झाली. माझी पदवी शेजारणींना पाठदुखीवरचं तेल सुचवण्यापुरती उरली. आठवड्यातले चार दिवस मी स्टेशनजवळच्या औषधांच्या दुकानात आरुबाइतो करते, म्हणजे तासांवरचं काम. शाम्पू लावते, डायपर लावते. कांपोच्या, म्हणजे इथल्या परंपरागत औषधांच्या फडताळाला मी हात लावायचा नाही. त्याची परीक्षा वेगळी, आणि ती जपानीत. त्या खोक्यांत असतं काय, तर सुंठ, ज्येष्ठमध, दालचिनी. सगळी माझ्या माहेरची माणसं, आणि मी ओळख दाखवायची नाही. इथल्या इस्पितळातला डॉक्टर त्यांच्या चंदेरी पुड्या लिहून देतो आणि पेशंट मान लववून घेऊन जातो. मला त्या पुड्यांचासुद्धा हेवा वाटतो. एकदा क्योतोला गेलो होतो तेव्हा औषधी वनस्पतींची एक बाग पाहिली. प्रत्येक रोपाला पाटी. त्यावर नाव, कूळ, कुठला भाग औषधात घ्यायचा ते. समीर म्हणाला, "किती छान ठेवलंय ना?" मी "हो" म्हणाले आणि परतीच्या बसमध्ये एक शब्द बोलले नाही.

योशिएसान माझ्या आयुष्यात आल्या त्या कचऱ्याच्या वाटेवर. आठ वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर. सकाळी प्लास्टिकच्या कचऱ्याची पिशवी घेऊन मी खाली उतरले. तळमजल्यावरच्या गॅलरीत, कपडे वाळत घालायच्या दांडीवर, मोजे आणि रुमाल यांच्या मधे पाच-सहा जुड्या उलट्या टांगलेल्या होत्या. वीतभर काड्या, अरुंद पानं, सुकत आलेली पाच पाकळ्यांची पांढरी फुलं, टोकाला पिवळट मुळं. मी पिशवीसकट जागच्या जागी उभी राहिले. असल्या जुड्यांच्या खाली मी लहानाची मोठी झाले होते.

आमच्या अण्णांचं, माझ्या वडिलांचं, साताऱ्यात काष्ठौषधींचं दुकान. छपराच्या आढ्याला काडेचिराईताच्या जुड्या लोंबायच्या. तापाला, पोटाला, भूक मेली असेल तर ती जागी करायला चिराईत. ते यायचं हिमालयाकडून, दोन-तीन व्यापाऱ्यांचे हात बदलत. माझ्या लहानपणी एक जुडी माझ्या दोन्ही हातांत मावायची नाही. मी बारावीला गेले तोवर ती एका मुठीत यायला लागली. पुढे तर तिच्यात दुसऱ्याच काड्या निघू लागल्या. अण्णा जुडी सोडून एकेक काडी दाताखाली धरायचे आणि बाजूला टाकायचे. "हे नाही. हे नाही. हे तर नुसतं गवत." व्यापारी कपाळाचा घाम पुसत म्हणायचा, "अण्णा, डोंगरावर राहिलंय कुठे आता? बी धरायच्या आतच उपटतात लोक."

तर त्या सकाळी त्या गॅलरीपाशी मी बराच वेळ उभी असणार. आतून एक ठेंगणी, पाठीत किंचित वाकलेली बाई बाहेर आली. सत्तरी ओलांडलेली. माझं तेव्हाचं जपानी दुकानापुरतं. "पिशवी नको" आणि "पावती द्या" यांच्या मधलं. मी बोट दाखवलं आणि मग त्याच बोटाने माझ्या जिभेकडे. त्यांनी एक पान तोडून माझ्या हातावर ठेवलं आणि हसू दाबत बघत राहिल्या. मी ते चावलं. चिराईत नव्हतं, पण त्याच घरातलं कुणीतरी होतं. तेच आधी काहीच नाही, मग एकदम सगळं कडू, आणि मग बराच वेळ तोंड स्वच्छ.

"निगाकु नाई?" त्यांनी विचारलं. कडू नाही लागत?

"कडू आहे," मी म्हणाले. "चांगलं कडू."

योशिएसाननी टाळ्या वाजवल्या. नंतर कळलं की त्या झाडाचं नाव सेनबुरी. गरम पाण्यात हजार वेळा हलवून काढली तरी कडूच राहते म्हणून तसं नाव. इथल्या टीव्हीवरच्या खेळांत हरलेल्या माणसाला शिक्षा म्हणून सेनबुरीचं पाणी पाजतात आणि तो तोंड वाकडं करून लोळला की लोक खोखो हसतात. योशिएसानच्या स्वतःच्या मुलाने ते पाणी कधी पोटात ठेवलं नव्हतं. आणि इथे एक परकी बाई पान चावून तोंड वाकडं न करता उभी. अकरा वर्षांत या देशाने मला दिलेलं एकमेव प्रमाणपत्र ते.

त्यानंतर पाच वर्षं, दर ऑक्टोबरात एका रविवारी, त्या मला आपल्या माहेरच्या डोंगरावर नेत. इकेबुकुरो स्टेशनहून दीड तास गाडी, मग दिवसातून चारदाच सुटणारी बस, मग पाऊण तास चढ. वर त्यांच्या वडिलांच्या मालकीचा एक गवताळ उतार. पूर्वी गावातली घरं त्या गवताने शाकारत, गुरांना ते घालत. आता घरांवर पत्रे आले, गुरं गेली, माणसंही गेली. योशिएसान मला हातवाऱ्यांनी समजावत: गवत वाढलं की सेनबुरीला ऊन मिळत नाही, ती गुदमरते. वर्षातून एकदा, बी गळून पडल्यावर, सगळा उतार कापायला लागतो. नाहीतर बांबू शिरतो, त्या दुसऱ्या डोंगरासारखा. समोरच्या डोंगरावर खरोखरच नुसता बांबू होता. मी तेव्हा आमच्या चिराईताचा विचार करत होते. आमचं गेलं ते माणसांनी फार घेतलं म्हणून. यांचं जात होतं ते कुणी येईनासं झालं म्हणून. मी हे मोडक्यातोडक्या जपानीत सांगायचा प्रयत्न केला. त्यांना कितपत कळलं कोण जाणे. त्या म्हणाल्या, "सोउ, सोउ," असंच, असंच, आणि मला भाताचा गोळा दिला.

त्यांची घेण्याची पद्धत मला आधी उलटीच वाटली. आम्हाला शिकवलेलं की भरदार, निरोगी, ऐन फुलातली वनस्पती घ्यावी. योशिएसान भरदार रोपाला हात लावायच्या नाहीत. मधली, जरा किरटी अशी निवडायच्या, तीही विरळ करत. मोठी राहिली पाहिजे, तिच्या पोटात पुढची आहेत, असं पोटावर हात ठेवून दाखवायच्या. बसतानासुद्धा आधी हाताने जमीन चाचपायच्या. सेनबुरी पहिल्या वर्षी फुलत नाही. जमिनीला चिकटलेली चार बारीक पानं, बस. दुसऱ्या वर्षी उभी राहते, फुलते, बी टाकते आणि संपते. त्या चार पानांवर कुणाचा पाय पडू नये म्हणून त्या चाचपत. उतारावर वरच्या अंगाला एक मोठा धोंडा होता, त्याच्या खाली मला बसवत. तिथे फुलं सगळ्यांत दाट. ती माझी जागा. पाच वर्षं त्या जागेवर दुसरं कुणी बसलं नाही. आम्ही फारसं बोलत नसू, बोलण्याजोगी भाषाच नव्हती. मला वाटायचं, आपल्या दोघींना भाषा लागतच नाही.

अण्णांना मी फोटो पाठवला होता. ते फोनवर म्हणाले, "अजून उगवतं होय तुमच्याकडे? एवढं?" त्या आवाजात मी पहिल्यांदा अण्णांना जळताना ऐकलं, आणि माझ्यातलं हे कुणाकडून आलंय ते कळलं. मला फार बरं वाटलं तेव्हा. निदान एकदा तरी जळणारा दुसरा होता.

मानसीला मीच आणलं. हे लिहिताना अजूनही हात आखडतो. ती तोयोसुला समीरच्याच मजल्यावर इंजिनियर, नागपूरची, तिशीतली, आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एकटी राहणारी. जपानी असं बोलायची की फोनवर समोरच्याला पत्ता लागू नये. गणपतीच्या जेवणात ओळख झाली आणि मला दुर्बुद्धी सुचली. वाटलं, ही दुभाषी म्हणून आली तर योशिएसानना इतक्या वर्षांत विचारायचं राहून गेलेलं सगळं विचारता येईल. त्या ऑक्टोबरात आम्ही तिघी डोंगरावर गेलो. मी पहिला प्रश्न विचारला, मानसीने तो जपानीत केला, योशिएसाननी उत्तर दिलं, मानसीने त्यावर काहीतरी विचारलं, आणि मग त्या दोघी हसल्या. मी वाट पाहत राहिले.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"काही नाही ताई, गंमत सांगत होत्या. त्यांच्या लग्नातली."

पाच वर्षांत मला त्यांचं लग्न झालेलं होतं एवढंच ठाऊक होतं. गाडीत परतताना मानसी त्यांना "ओबाआचान" म्हणायला लागली, म्हणजे आजी. मी पाच वर्षं "योशिएसान" म्हणत होते. मला दुसरं काही म्हणता येतं हेच सुचलं नव्हतं. आणि त्यांनी "ओ" दिली. मुकाट्याने नव्हे, खुशीत.

मानसीला वनस्पतींतलं ओ की ठो कळत नव्हतं. सेनबुरीचं पान चावून तिने ते तिथेच थुंकलं आणि पाण्याची आख्खी बाटली संपवली. मला वाटलं, संपलं, हिची परीक्षा झाली. पण योशिएसान इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. मी पान चावून उभी राहिले तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. हसल्या नव्हत्या.

पुढचं कळलं ते जानेवारीत, तेही लिफ्टमध्ये. मानसी खालून वर येत होती, योशिएसानकडून. हाताला पट्टी होती. "विळा लागला, ताई. डिसेंबरात गवत कापायला गेले होते ना ओबाआचानबरोबर. दोन दिवस लागले. काय थंडी होती!" विळा ती हातातच घेऊन आली होती, फडक्यात गुंडाळून. योशिएसानच्या वडिलांचा. लाकडी मूठ, इतक्या वर्षांच्या हातांनी गुळगुळीत झालेली. "मला दिला त्यांनी," मानसी म्हणाली. "म्हणाल्या, आता तुझ्याकडेच राहू दे."

मी "अरे वा" म्हणाले. माझा मजला आला. घरात शिरले आणि स्वयंपाकघरात उभी राहून इतकी भांडी आपटली की इरा, माझी मुलगी, खोलीतून बाहेर आली. ती तेव्हा बारा वर्षांची. मी मराठीत विचारते, ती जपानीत उत्तर देते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे निदान केलं, "मामा, याकिमोची." म्हणजे, आई, जळतेयस तू.

मी तिला ओरडले. पण खरं ते ओरडण्याने खोटं होत नाही. आणि त्याहून खरं असं की योशिएसाननी डिसेंबरात यायचं का म्हणून मला दर वर्षी विचारलं होतं. कॅलेंडरवर बोट ठेवून, विळ्याचा हात हवेत फिरवून. पाच वर्षं मी पाच कारणं दिली होती. इराची परीक्षा. समीरच्या ऑफिसातली पार्टी. थंडी. भारतातून येणारे पाहुणे. एकदा तर नुसतंच "चोत्तो...", जे इथे सगळ्या नकारांना पुरतं. फुलं असताना जायचं आणि जुडी घेऊन यायचं, एवढाच डोंगर मला ठाऊक होता. हे मला त्या जानेवारीत दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं, म्हणून तर जास्त जळत होते.

आता तो ऑक्टोबर. दोन वर्षांपूर्वीचा. किनमोकुसेई फुलला आणि योशिएसानचा निरोप आला, मानसीकरवी. या वेळी दुसऱ्या रविवारी जायचं, मानसी तिकिटं काढेल. मानसीकरवी! माझ्या दारापासून त्यांचं दार तीन मजले खाली. मी "हो" कळवलं आणि त्या रविवारच्या आधीच्या बुधवारी, इराला शाळेत घालवून, कामावर बरं नसल्याचं सांगून, एकटी इकेबुकुरोला गेले.

ऊन लख्ख होतं. उतारावर फुलंच फुलं. मी धोंड्याखाली माझ्या जागेवर जाऊन बसले. बसण्याआधी जमीन चाचपली नाही. मला किती हवी होती? काहीच नको होती. घरात मागच्या वर्षीची पडून होती. पण माझ्या मनात एकच होतं, की रविवारी त्या दोघी इथे येतील आणि माझ्या जागेवर तिला बसवतील, तेव्हा तिला इथे काही मिळता कामा नये. मी भरदार रोपं घेतली. शास्त्रात सांगितलंय तशी, ऐन फुलातली, मुळासकट, पाचही अंगांनिशी. मनाला बजावत होते की मीच खरी जाणकार, असंच घ्यायचं असतं. ओढ्यात मुळं धुतली, पुसली, जुड्या बांधल्या. अकरा जुड्या झाल्या.

अण्णा यवतेश्वरच्या बाजूने अनंतमूळ आणायला जायचे तेव्हा आदल्या संध्याकाळी वेलापाशी जाऊन चार अक्षता ठेवायचे आणि सांगायचे, "उद्या सकाळी न्यायला येतो." मग हात हलवत परत. ही जुनी रीत. औषधीला आधी आमंत्रण द्यायचं. दहा वर्षांची मी वैतागून म्हणायची, "आत्ताच घ्या ना, पुन्हा कोण चढणार?" अण्णा म्हणायचे, "आज हाव घेऊन आलोय. उद्या नुसती गरज घेऊन येऊ." त्या बुधवारी मला हे आठवलं नाही असं नाही. आठवलं, म्हणून हात भराभर चालवले. इरा शाळेतून यायच्या आत मला घरी पोचायचं होतं.

रविवारी मी तापाचं निमित्त केलं. दिवसभर अंथरुणात पडून राहिले आणि संध्याकाळी मला खरोखरच कणकण आली. सोमवारी सकाळी दार उघडलं तर बाहेरच्या मुठीला एक जुडी अडकवलेली. पाच-सहा काड्या, किरट्या, बारीक मुळांच्या, पांढऱ्या दोऱ्याने बांधलेल्या. सोबत चिठ्ठी. मला वाचता यावी म्हणून मोठ्या, सुट्या अक्षरांत: "ओदाइजिनी." तब्येतीला जपा. आजारी माणसाला इथे हेच म्हणतात. माझ्या कपाटात अकरा जुड्या होत्या आणि हातात ही बारावी.

त्या अकरांना मी पुन्हा हात लावला नाही. खरं तर एकदा लावला. त्या हिवाळ्यात पांढरा कागद पसरला आणि एकेक जुडी उलटी धरून त्यावर झटकली. एखाद्या फुलाने वाटेत, पिशवीत, कपाटात बी धरलं असेल, असं वाटत होतं. आयुर्वेदाची पदवी घेतलेली मी, मला माहीत होतं काय होणार ते. तरी अकराही झटकल्या. कागदावर नुसती धूळ पडली, थोडी पिवळी.

पुढच्या वसंतात योशिएसान पडल्या. मुलाने त्यांना आपल्या गावाजवळ वृद्धांच्या निवासात नेलं. जाताना त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि काहीतरी लांबलचक म्हणाल्या. मानसी ऑफिसात होती. मला कळलं नाही आणि मी मान हलवत राहिले. गेल्या ऑक्टोबरात मी डोंगरावर गेले नाही. मानसी गेली असणार, मी विचारलं नाही. लिफ्टमध्ये भेटलो की "कशी आहेस", "मजेत ताई". मी मनात मात्र हिशेब करत होते. मी उपटली ती दुसऱ्या वर्षाची. तिचं बी पडतं तर वसंतात उगवतं, गेल्या वर्षी चार पानांवर बसतं, आणि फुलतं ते यंदा. केलेलं यंदा दिसणार होतं. म्हणून यंदाचा तो वास इतका उतरला.

नोव्हेंबर संपता संपता मानसीचा मेसेज आला. "ताई, शनिवारी गवत कापायला येणार का? ओबाआचान फोनवर म्हणाल्या, तुम्हाला विचार. म्हणाल्या, दर वर्षी विचारायचं असतं." मी बोटाने "चोत्तो" लिहिलं. पुसलं. "येते" लिहिलं.

डिसेंबरातला डोंगर मी पाहिलाच नव्हता. रंगच नाही कुठे. गवत पिवळं, ओलं, कंबरेएवढं. त्यातून सेनबुरीच्या वाळक्या काड्या उभ्या, टोकाला रिकामी बोंडं. मानसी सराईत झाली होती. खालून वर, एका रेषेत, विळा जमिनीला न टेकवता. तिने मला साधा नवा विळा दिला होता, दुकानातला. स्वतः तो गुळगुळीत मुठीचा. माझी नजर तिकडे जात राहिली. मत्सराला वयही कळत नाही आणि प्रसंगही.

दुपारी आम्ही धोंड्यापाशी पोचलो. मानसीने कंबर सरळ केली. धोंड्याच्या खाली, दोन चटया पसरता येतील एवढ्या जागेत, नुसतं गवत होतं. एक काडी नाही. भोवताली खुंट रोवलेले आणि हिरवी जाळी.

"हा तुकडा राहू दे," मानसी म्हणाली. "इथे काहीच येत नाही. रानडुकरांनी उकरलाय."

"रानडुकरांनी?"

"हो ना. तुम्हाला ताप होता ना, त्या वर्षी. आम्ही आलो तर इथे सगळी भोकं. ओबाआचान खाली बसल्या, हात फिरवला, माती दाबून नीट बसवली. म्हणाल्या, इनोशिशि. रानडुक्कर. मग मी ही जाळी लावली. सुट्टी काढून आले होते, एकटीच. हे खुंट ठोकताना माझे तळहात फुटले होते."

योशिएसान याच डोंगरात जन्मल्या. रानडुक्कर नांगरल्यासारखं उकरतं, ढेकळं उलटी करतं, हे त्यांना मानसीच्या जन्माआधीपासून माहीत. माझी भोकं बोटाएवढी होती, ओळीने, प्रत्येकात एकच रोप होतं आणि तेही भरदार. शेजारी माझ्या गुडघ्यांचे दोन खड्डे असणार. त्या खाली बसल्या, त्यांनी ते बघितलं, माती दाबली, आणि जिच्यावर मी जळत होते तिच्यासमोर माझं नाव झाकलं. मग उरल्यातून किरट्या काड्या निवडून तीन मजले चढून माझ्या दाराला अडकवल्या. ती चिठ्ठी मी दोन वर्षं आजाऱ्याला पाठवलेली चिठ्ठी म्हणून वाचत होते.

मला गप्प बसता आलं असतं. सोपं होतं. मानसी जाळीची गाठ नीट करत होती, तिच्या तळहातावर दोन जुने, कडक वण होते.

"मानसी," मी म्हणाले, "रानडुक्कर नव्हतं. मी होते."

तिला आधी कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं. बुधवार, अकरा जुड्या, का ते. "तू इथे बसू नयेस म्हणून" हेसुद्धा मोठ्याने म्हणाले. ऐकायला फार पोरकट वाटलं, तरी म्हणाले.

ती खुंटांकडे बघत होती. मग म्हणाली, "मी तर इथे कधी बसलेच नसते, ताई. ओबाआचान पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, ती जागा तुमची आहे."

वारा सुटला होता. खाली दरीत बस वळण घेत होती, आमची नव्हे, आधीची.

"त्यांना सांगायचं?" तिने विचारलं.

"त्यांना माहीत आहे."

मानसीने मान डोलावली. रागावली होती, आणि तिने ते लपवलं नाही. वाकून तिने जाळी सोडवली, एकेक खुंट हलवून उपटला आणि बाजूला रचला. मी मदत करायला गेले तर हाताने थांबवलं. मग तो गुळगुळीत मुठीचा विळा, पातं स्वतःकडे धरून, तिने माझ्यापुढे केला.

"हा तुकडा तुम्ही कापायचा," ती म्हणाली. "या वर्षी, पुढच्या वर्षी, आणि येईपर्यंत."

ती खाली आपल्या रेषेवर परत गेली. मी खाली बसण्याआधी जमीन चाचपली, हळूहळू, सगळीकडे. चार पानं कुठेच लागली नाहीत. विळ्याची मूठ माझ्या हातात बरोबर बसली, जिच्यावर जवळजवळ तीन वर्षं माझा डोळा होता ती. गवत ओलं होतं, विळ्याला धार होती, आणि त्या तुकड्यात माझ्यासाठी घेण्यासारखं काहीही नव्हतं. मी कापायला सुरुवात केली.